बाल्कनीतली सवाष्ण

शनिवार, ९ सप्टेंबर २००६
साउदॅम्प्टन

पोचलो एकदाचे! आठव्या डेकवरची खोली, पांढरीशुभ्र गादी, आरसा, दोन खुर्च्या आणि भिंतीच्या जागी काचेचं सरकतं दार. दारापलीकडे आमची, म्हणजे फक्त आमच्या दोघांची बाल्कनी. कोल्हापूरच्या माझ्या दोन खोल्यांपैकी कुठलीही यापेक्षा मोठी होती, पण तिथून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसायची. इथून आठवडाभराने हिमनदी दिसणार आहे. बर्फाचा अख्खा डोंगर समुद्रात कोसळताना लोक म्हणे अंथरुणातून बघतात.

लग्न होऊन पाच महिने झाले, लीड्सला येऊन दोन. एकोणिसाव्या वर्षी लग्न, एकोणतिसाव्या वर्षी विधवा, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नवरी. विधवांच्या हळदीकुंकवावर मी गावोगाव भाषणं दिली, दगड खाल्ले, शिव्या खाल्ल्या. स्वतःच्या कपाळाला मात्र लावलं नव्हतं. लोकांना म्हणायला जागा नको की बाई स्वतःसाठीच ओरडते. श्रीकांतनं रजिस्ट्रारच्या कचेरीत सगळ्यांसमोर कुंकू लावलं तेव्हा माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला बोलायला शब्द सापडेना.

श्रीकांत भूलतज्ज्ञ आहे. तीस वर्षं इंग्लंडात. पहिली बायको शशी लीड्समध्येच आजारपणात गेली, एवढं त्यानं सांगितलं. मी जास्त विचारलं नाही. माझ्याही पहिल्या नवऱ्याबद्दल तो फार विचारत नाही.

सोबत सुप्रभावन्सं आहेत, श्रीकांतच्या थोरल्या बहीण. लंडनजवळ पिनरला असतात. त्यांची खोली आमच्या शेजारीच, मध्ये बाल्कनीचा एक पडदीवजा पत्रा. मी श्रीकांतला अरे-तुरे करते ते त्यांना खपत नाही, पण बाई प्रेमळ आहेत. बंदरावरच्या तपासणीत त्यांच्या बॅगेत नारळ निघाला. ही केसाळ वस्तू काय आहे असं त्या गोऱ्या पोरीनं विचारल्यावर वन्संनी तिला ठसक्यात सांगितलं की फ्रूट आहे, लव्ह, पण डोक्यात घातलं तर वेपन. पोरगी हसत सुटली. नारळ आत आला.

दार काही केल्या सरकेना. मी झटापट करत होते. श्रीकांत आला, मूठ जरा वर उचलून आत दाबली, आणि दार लोण्यासारखं सरकलं. हुशार आहे माझा नवरा!

सोमवार, ११ सप्टेंबर
लरविक, शेटलंड

दिवसभर वारा. गावात फिरलो, दगडी गल्ल्या, लोकर, बुटकी घोडी. वन्संनी दुकानदाराशी पाच पौंडांच्या मोज्यांवरून घासाघीस केली आणि हरल्या. परत येताना मला म्हणाल्या, हे लोक आपल्यालाही उल्लू बनवतात बरं का सुनीती, नुसते गोड बोलून.

दोन गोष्टी मनात आल्या म्हणून लिहिते. एक, श्रीकांत बाल्कनीत पाऊल टाकत नाही. वाऱ्यानं कान दुखतो म्हणतो. बाल्कनीसाठी हट्ट मात्र त्याचाच होता. दुसरी, वन्संनी त्यांच्या काचेवरचा जाड पडदा आल्यापासून एकदाही उघडलेला नाही. दिवसाढवळ्या दिवा लावून पोथी वाचत बसतात. मी चेष्टा केली की वन्सं, समुद्राचे पैसे भरलेत, निदान तोंड तरी बघा त्याचं. हसल्या नाहीत.

सकाळी काचेवर बाहेरून तळव्याचा ठसा होता. लहानसा, बाईचा. खाली काचेला बांगडीनं ओरखडा पडावा तसा ओरखडा. साफ करणाऱ्या बाईचा असेल. टॉवेलनं पुसला.

बुधवार, १३ सप्टेंबर
रेक्याविक

राग आलाय, तरी नीट लिहिणार. लिहिल्यानं डोकं ताळ्यावर राहतं हा माझा अनुभव.

बंदरावर मोबाइल लागला म्हणून कुशला फोन केला. कुश म्हणजे श्रीकांत-शशीचा मुलगा, वीस वर्षांचा, क्रॉयडनला राहतो, बापाशी बोलत नाही. आमच्या लग्नाच्या पार्टीला लीड्सला आला होता तेव्हा मला बागेत गाठून म्हणाला होता, आंटी, तू चांगला आहे. बट व्हाय हिम? मला वाटलं, आईच्या जागी दुसरी बाई आली, पोराला राग येणारच. त्याचं मराठी ऐकून हसले होते मी.

आज त्यानं विचारलं कुठे आहेस. बोटीवर, ग्रीनलंडला चाललोय, हिमनदी बघायला, असं सांगितलं. मग म्हणाला, विच केबिन? मी सांगितलं. तो म्हणाला, आंटी, आई तिथून गेली. त्याच बाल्कनीतून.

मला वाटलं शब्द चुकला. पुन्हा विचारलं. तो रडत होता. आठ वर्षांपूर्वी, हीच बोट, हीच हिमनदी. तेव्हा हा बारा वर्षांचा, शाळेमुळे घरी शेजाऱ्यांकडे. आई कधीच सापडली नाही. ‘प्लीज, तू उतर. तिथेच उतर. गेट अ फ्लाइट.’

म्हणजे श्रीकांतचं ते दार उचलून दाबायचं कसब हुशारी नव्हती. सवय होती.

गुरुवार, १४ सप्टेंबर
समुद्रात

उतरले नाही. का नाही उतरले ते लिहून ठेवते.

रात्रभर भांडले. श्रीकांतनं आधी नाकारलं, मग बेसिनशी उभा राहून रडला. अपघात होता म्हणाला. शशी वाकून बर्फ बघत होती, तोल गेला, तो कॉफी घ्यायला गेला होता. मला सांगितलं असतं तर मी त्याला होकार दिला नसता, ही भीती. मी म्हटलं, खोट्यावर घर बांधलंस आणि मला त्यात राहायला बोलावलंस. तो म्हणाला, हो.

हे ‘हो’ मला खरं वाटलं. मला वाटतं, आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांना तोंडावर खोटं म्हणत आले, त्यामुळे कुणी कबूल केलं की मी विरघळते.

मग वन्सं आल्या. परवा अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात, साडी देतात, ओटी भरतात. ती सवाष्ण म्हणजे त्या दिवसापुरती ती गेलेली बाईच. वन्सं दर वर्षी पिनरला करतात. पण कुठलीच सवाष्ण पुरतं जेवत नाही. एकीला हुडहुडी भरली, एक पानावरून उठून गेली, गेल्या वर्षीच्या शिल्पानं तर पुन्हा बोलावू नका म्हणून सांगितलं. वन्सं म्हणाल्या, वहिनी अतृप्त आहे गं. माझ्या खिडक्या आतून ओल्या होतात. जिथे गेली तिथेच जेवली तर शांत होईल. सुनीती, तू जेव तिच्या नावानं. तू आता सवाष्ण आहेस.

सवाष्ण. एकोणीस वर्षं या शब्दाविरुद्ध बोलले मी. नवरा जिवंत असणं ही बाईची लायकी कशी, असं सभेत विचारून बायकांना रडवलं. सवाष्णींच्या पंगती चालू असताना मी मागच्या दारी ताटं मोजत बसायचे, कारण समोर आलेलं चालत नसे. आणि काल या बाईनं माझी हनुवटी धरून म्हटलं, तू आता सवाष्ण आहेस, आणि माझ्या आत काहीतरी इतकं सुखावलं की मला माझीच लाज वाटली.

हो म्हटलं. शशीसाठी म्हटलं, असं मी स्वतःला सांगतेय. बिचारी थंड पाण्यात गेली, तिला एक घास मिळाला तर माझी तत्त्वं बुडत नाहीत.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

पहिला बर्फ. आधी वाटलं पांढरी बोट आहे. जवळून गेला तेव्हा आतून निळा, हिरवा, जणू आत दिवा लावलाय. बाल्कनीत उभी राहून मी मोठ्यानं ओरडले. शेजारच्या बाल्कनीतून पत्र्यावर टकटक झाली. मी म्हटलं, वन्सं, बघताय ना! पुन्हा टकटक. मी पत्र्याच्या कडेनं वाकून पाहिलं. पलीकडे कोणी नव्हतं. पडदा बंद.

आत जाऊन वन्संचं दार वाजवलं. त्या पोथी घेऊन बसल्या होत्या. टकटक तुम्ही केलीत का विचारलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कशी टकटक, विचारलं. मी बोटांनी टेबलावर करून दाखवली. त्यांनी माझा हात धरून थांबवला. पुरे, म्हणाल्या. पुरे गं बाई.

काचेवर ठसा पुन्हा. पुसला. पुसला जाईना. बाहेरून घासलं, आतून घासलं. बर्फासारखा गार.

मी भूतखेत मानत नाही. पण वन्संच्या डोळ्यांत जे होतं ते दुःख नव्हतं. दुःख मला ओळखता येतं. ती भीती होती.

शनिवार, १६ सप्टेंबर
अविधवा नवमी

सकाळीच बोट सामुद्रधुनीत शिरली. दोन्हीकडे काळे कडे आणि मधून उतरलेली हिमनदी, थेट पाण्यापर्यंत. बाल्कनीसमोर. माणसानं बघून गप्प व्हावं असं दृश्य. मोठा तुकडा तुटला की आधी दिसतो, मग आवाज येतो. तोफेसारखा.

विधी खोलीतच झाला. बोटीवर निरांजन लावू देत नाहीत, म्हणून वन्संनी बॅटरीचं आणलंय, वेम्बलीच्या देशी दुकानातलं. पुरणपोळ्या घरून गोठवून आणून बोटीच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या, खीर सकाळी बोटीच्या स्वयंपाकघरातून थर्मासमध्ये भरून घेतलेली. मला नवी साडी दिली, हिरवी, लाल काठ. ब्लाउजही दिला. मापं न घेता अगदी बसला. मी नेसून आरशासमोर आले तेव्हा श्रीकांतनं तोंड फिरवलं.

जेवले. वन्संनी ओटी भरली, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. कुंकू लावलं. मग रीतीप्रमाणे हात जोडून विचारलं, ‘वहिनी, तृप्त झालात का?’

मी ‘झाले’ म्हणायला तोंड उघडलं.

‘नाही. थंडी वाजतेय. श्रीकांत, दार उघड.’

हे माझ्या तोंडून आलं. आवाज माझा नव्हता. मी माझा आवाज ओळखते, त्यावर माझं पोट चाललंय. हा बारीक, शांत, आर्जवी आवाज होता.

वन्संच्या हातातलं तबक पडलं. त्या खाली बसल्या आणि माझे पाय धरून सगळं ओकल्या. शशीनं त्या सहलीत श्रीकांतला सांगितलं होतं की साउदॅम्प्टनला उतरल्यावर ती त्याच्या घरी परतणार नाही, कुशला घेऊन वेगळी राहील. तेव्हा ती बाल्कनीत उभी होती. श्रीकांतनं आतून दार लावलं, कडी घातली. बाहेर बस जरा, डोकं थंड होऊ दे, म्हणाला आणि कॉफी प्यायला गेला. अंगावर ही अशीच साडी, वर काही नाही. शशीनं शेजारचा पत्रा वाजवला. तेव्हाही शेजारच्याच खोलीत असलेल्या वन्संना ऐकू आलं. वन्संनी तिला काचेतून पाहिलं.

नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून वन्संनी पडदा ओढून घेतला.

शशी पत्र्याला वळसा घालून त्यांच्या बाल्कनीत यायला बघत होती. एवढंच.

शनिवार, दुपार

म्हणून मला आणलं. शशीसाठी नाही. यांच्यासाठी. शशीच्या जागी बसून कोणीतरी ‘तृप्त झाले’ म्हणावं म्हणजे हे दोघं मोकळे. पिनरच्या सवाष्णी पळून गेल्या. मला पळायला जागा नाही, आई-बाप नाहीत, मूल नाही, या देशात ओळखीचं माणूस नाही. आणि विधवेला कुंकू दिलं की ती काहीही ऐकेल, हा हिशेब. तो बरोबर निघाला. हेच सहन होत नाही. माझी एकोणीस वर्षांची जखम यांनी चाचपून पाहिली आणि बरोबर तिथे बोट ठेवलं.

श्रीकांतला सांगितलं. कॅप्टनला आत्ता सांगणार, साउदॅम्प्टनला पोलिसांना सांगणार, कुशला सांगणार. मी गप्प बसणारी बाई नव्हे, हे तुला लग्नाआधी माहीत होतं. तो अगदी शांत होता. म्हणाला, तू दमलीयेस, एक गोळी देतो, झोप. बोटीच्या डॉक्टरशी बोललोय, विचित्र आवाजात बोलायला लागली म्हणून. डॉक्टर चांगला आहे, त्याला पटलं.

गोळी घेतली नाही. याच्याबरोबर एका खोलीत बसवेना. वही घेऊन बाल्कनीत आलेय. पाच मिनिटं डोकं शांत करते आणि कॅप्टनकडे जा—

कडी लागली.

नंतर

आधी हसू आलं. खरंच आलं. माणूस तोच, दार तेच, कडी तीच.

काच बडवली. तो आत खुर्चीत बसलाय, माझ्याकडे पाठ करून. चहा ओतून घेतोय.

ओरडले. माइक नसताना मैदानं गाजवली आहेत या घशानं. आज आवाजच नाही, नुसती हवा. वरच्या डेकवर माहिती सांगणाऱ्याचा भोंगा चाललाय, सगळी बोट वर बर्फ बघायला गेलीय, टाळ्या वाजवताहेत. बर्फ कोसळतोय. कोण ऐकणार?

पत्रा वाजवला. वन्सं. वन्सं! आत्ता पाय धरलेत ना माझे? वाकून पाहिलं. पडदा जरासा सरकला होता. डोळा दिसला. मग—

ओढून घेतला.

पुन्हा ओढून घेतला बाईनं.

नंतर

साडी पातळ. बोटं लाकडासारखी झालीत. अक्षर वाचता येईल का.

पत्रा चढायचा नाही. शशी चढली. मी चढणार नाही. त्यांना तेच हवंय. बघत होती, तोल गेला. वेडी बाई होती, डॉक्टरलाही सांगितलं होतं.

चढणार नाही.

पत्र्यावर टकटक. यावेळी पलीकडून नाही. माझ्याच बाजूनं. माझ्या शेजारून.

बघत नाही. लिहितेय.

खांद्याला काही लागलं. ओलं. मारत नाहीये. थोपटतंय. आई लेकराला—

नंतर

थोपटणं थांबलं.

काचेत माझं प्रतिबिंब दिसतंय, हिरवी साडी, लाल काठ, ओले केस. माझे केस ओले नाहीत.

मी उभी आहे. ती बसलीय. श्रीकांतच्या समोरच्या खुर्चीत. काचेत नाही. आत.

त्याच्या हातून कप पडला. तो उठला. दाराकडे येतोय. कडी काढतोय, वर उचलून दाबतोय, येतं ना रे तुला? निघत नाही. काच बडवतोय. तोंड उघडं, आवाज नाही. माझ्यासारखाच. श्रीकांत, मी इथेच उभी आहे. मला ऐकू येत नाही—

ती उठली.

आतून पडदा ओढला. तिनं. ओला हात, हिरव्या बांगड्या.

आता काही दिसत नाही.

शेजारी वन्संची किंकाळी. एकच. मग त्यांचाही पडदा—

बर्फ कोसळला. फार मोठा. बोट हलली. टाळ्या.

नंतर

गप्प झालंय सगळं.

म्हणजे मी आता पुन्हा— कपाळाकडे हात गेला. वन्संनी लावलेलं कुंकू पुसलं गेलंय. कधी? कोणी? वाऱ्यानं असेल.

कडी निघाली.

दार सरकतंय. लोण्यासारखं. ती उभी आहे. हातात वन्संचं तबक. बोटाला कुंकू लागलंय तिच्या. माझ्यासाठी उचललंय. मला विचारतेय, सुनीती, तृप्त झालीस का, तोच तो आर्जवी आवाज, आणि किती वर्षांनी कोणी मला खरंच— मी कपाळ पुढे करतेय, तिचं बोट किती थं